वज्रेश्वरीचं ऊन पाणी

ठाणे जिल्ह्यात तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी इथे गरम पाण्याची कुंडं आहेत. देवीने इथे दैत्यांचा संहार केला आणि त्यांच्या रक्ताचंच हे ऊन पाणी झालं, अशी आख्यायिका आहे. त्यात अंघोळ केली की सांधेदुखी आणि त्वचारोग जातात, या श्रद्धेने लोक लांबून येतात.

मग हे पाणी तापतं कशामुळे?

ज्वालामुखीमुळे नक्कीच नाही. दख्खनचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. तो केव्हाच थंडावला. पावसाचं पाणी बेसॉल्ट खडकातल्या भेगांमधून खोल झिरपतं. जमिनीखाली दर किलोमीटरला तापमान साधारण 25 ते 30 अंश सेल्सिअसने वाढतं. तिथे तापलेलं पाणी खडकातले क्षार विरघळवत दुसऱ्या भेगांतून वर येतं. कोकणपट्टीत उन्हवरे, तुरळ, राजापूरजवळचं उन्हाळे अशी झऱ्यांची रांगच आहे.

आराम मिळतो, हा भाविकांचा अनुभव खरा आहे. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडलेले स्नायू सैलावतात आणि पाण्यात तरंगताना सांध्यांवरचा भार हलका होतो. संधिवात मात्र त्याने बरा होत नाही. औषधं चालूच ठेवावी लागतात. उघडी जखम असेल, तर सामायिक कुंडात उतरणं टाळावं.