कसबा ते मंडई : पायी फिरताना

पेठ : शहराची वसाहत किंवा बाजारभाग. कसबा सर्वांत जुनी. अनेक पेठांना वारांची नावे.

वाडा : मधल्या चौकाभोवती खोल्या असलेले घर. दिंडी : मोठ्या दरवाजातले माणसापुरते छोटे दार.

ठळक थांबे

- कसबा गणपती : पुण्याचे ग्रामदैवत; विसर्जन मिरवणुकीत पहिला मान.
- लाल महाल : शिवरायांचा शाइस्ताखानावर छापा, एप्रिल 1663. आजची वास्तू विसाव्या शतकातली.
- शनिवारवाडा : पायाभरणी 10 जानेवारी 1730, शनिवार. दरवाजे 5. दिल्ली दरवाजावर हत्तींची धडक रोखणारे टोकदार खिळे. 1828 च्या आगीत आतले महाल खाक.
- विश्रामबागवाडा : दुसऱ्या बाजीरावाचा, दर्शनी भागात कोरीव लाकूडकाम.
- महात्मा फुले मंडई : 1886, पूर्वीचे नाव रे मार्केट. मधोमध अष्टकोनी मनोरा.