जवस, कारळे, तीळ: कोरड्या चटणीविषयीचे गैरसमज

ज्वारीची भाकरी, तिच्यावर जवसाची नाहीतर कारळ्याची चटणी आणि वरून तेलाची धार. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत एवढ्यावर पोटभर न्याहारी होते. बी भाजायचे, मीठ-तिखट घालून कुटायचे, कृती एवढीच. तरीही चटणी कधी कडवट होते, कधी तिचा गोळा होतो, तर कधी थोड्याच दिवसांत खवट वास येतो. दोष हाताच्या चवीचा नसतो, रूढ समजुतींचा असतो.

गैरसमज: जितके जास्त भाजावे तितकी चटणी खमंग.
वस्तुस्थिती: बियांतली प्रथिने आणि शर्करा उष्णतेने एकमेकांशी संयोग पावतात, त्यातून खमंगपणा येतो. तो टप्पा ओलांडला की करपट कडवटपणा सुरू होतो. जाड बुडाची कढई आणि मंद आच हवी. जवस-कारळे मुळातच गडद असल्याने रंगावरून अंदाज येत नाही, तिथे कानावर आणि दातावर भिस्त ठेवावी. जवस तडतडू लागतात. तडतड ओसरली की एक दाणा चावून पाहावा. चिवट न लागता कुडुम्‌कन फुटला, की लगेच ताटात पसरावेत. तापल्या कढईत राहिले तर गॅस बंद केल्यावरही ते भाजत राहतात. तीळ लवकर होतात, म्हणून प्रत्येक बी वेगळे भाजावे.

गैरसमज: भाजल्यावर जवसातले ओमेगा-3 संपते.
वस्तुस्थिती: जवसाच्या तेलात साधारण निम्मा वाटा अल्फा-लिनोलेनिक आम्ल या ओमेगा-3 चा असतो. अख्खे दाणे मंद आचेवर थोडा वेळ भाजले तर त्यातले बहुतेक टिकते, कारण टरफल आतल्या तेलाला हवेपासून जपते. कुटल्यावर मात्र ते तेल उघडे पडते. म्हणून कुटणे न टाळता थोडे-थोडे कुटावे. अख्खे जवस न चावता गिळले, तर बरेचसे न पचताच बाहेर पडतात.

गैरसमज: कारळे आणि कलौंजी एकच.
वस्तुस्थिती: कारळे, म्हणजेच खुरासणी, सूर्यफुलाच्या कुळातले. दाणा लांबट, काळा, चकचकीत. कलौंजीचा दाणा कोनदार आणि बिनचमकीचा, वास उग्र. ती लोणच्यात नि नानवर चिमटीने पडते. वाटीभर कारळ्यांच्या जागी वाटीभर कलौंजी गेली, तर चटणी तोंडात धरवणार नाही.

गैरसमज: चमचाभर तिळाच्या चटणीने दिवसाचे कॅल्शियम मिळते.
वस्तुस्थिती: सालासकट 100 ग्रॅम तिळात सुमारे 975 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, हे खरे. पण लहान चमचाभर तीळ भरतात सुमारे 3 ग्रॅम, म्हणजे त्यातून मिळते जेमतेम 30 मिलिग्रॅम. प्रौढांची रोजची गरज 1,000 मिलिग्रॅमची. शिवाय यातले बरेचसे कॅल्शियम सालात असते, त्यामुळे पॉलिश केलेल्या पांढऱ्या शुभ्र तिळांत ते खूपच कमी उरते. चटणीसाठी बिनपॉलिशचे तीळ घ्यावेत. काहींना तिळाची तीव्र ॲलर्जी असते, पाहुण्यांना वाढताना विचारून घ्यावे.

गैरसमज: सैंधव घातले की मीठ मोजायला नको.
वस्तुस्थिती: सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, आणि त्यात आयोडीन सहसा मिसळलेले नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढांनी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, आणि त्यात चटणीतलेही आले. वाटीभर बियांना अर्धा चमचा मिठापासून सुरुवात करावी. मीठ हवेतला ओलावा ओढते, म्हणून तेही कोरडेच भाजून घ्यावे. भातावर भुरभुरण्याच्या जपानी ‘गोमाशिओ’त तीळ आणि मीठ एवढेच असते, आणि त्यातही मीठ भाजून घेण्याची पद्धत आहे.

गैरसमज: कोरडी चटणी कितीही दिवस टिकते.
वस्तुस्थिती: तिचे दोन शत्रू, हवा आणि ओलावा. गरम बी वाटले की वाफ धरते आणि तेल सुटते. त्यामुळे बी पूर्ण गार करून, मिक्सर थांबत-थांबत फिरवून भरड काढावी. लसूण घालायचा तर कुरकुरीत होईपर्यंत भाजून. कच्चा घातला तर चटणी दोन-तीन दिवसांत संपवावी, तीही फ्रिजमध्ये ठेवून. काचेची कोरडी बरणी आणि कोरडा चमचा, यात तडजोड नको. जवसाची चटणी तर आठवड्यापुरतीच करावी. साठवायचेच असेल तर बी अख्खे साठवावे. भाजायला आणि कुटायला लागतो अर्धा तास, आणि ताज्या चटणीची चव तो पुरेपूर भरून देते.