एनार्जाइट : निम्मं तांबं आणि सोबत विष! काय आहे हे खनिज?

वीज, मोबाइल, इलेक्ट्रिक गाड्या... तांब्याशिवाय यातलं काहीच चालत नाही. पण तांबं जमिनीतून एकटं क्वचितच बाहेर येतं. काही खाणींमध्ये ते चक्क आर्सेनिकला सोबत घेऊन येतं. अशाच एका खनिजाचं नाव आहे एनार्जाइट.

एनार्जाइट म्हणजे नेमकं काय?

तांबं, आर्सेनिक आणि गंधक यांचं हे संयुग. त्याचं रासायनिक सूत्र Cu₃AsS₄. वजनाच्या हिशेबात यात सुमारे ४८ टक्के तांबं, १९ टक्के आर्सेनिक आणि बाकीचं गंधक असतं. तांब्याचं सर्वाधिक आढळणारं खनिज म्हणजे चॅल्कोपायराइट. त्यात तांबं असतं जेमतेम ३५ टक्के. म्हणजे तांब्याच्या बाबतीत एनार्जाइट सरस, अडचण आहे ती आर्सेनिकची.

ओळखायचं कसं?

रंग करडा ते काळा, चमक धातूसारखी. काठिण्य मोहस मापनावर ३, म्हणजे खिळ्यानेही ओरखडा उठतो. पाण्याच्या जवळपास साडेचार पट जड. ठोकलं की ठरावीक दिशेने स्वच्छ, सपाट तुटतं. यावरूनच त्याला नाव मिळालं. ग्रीक भाषेत 'एनार्गेस' म्हणजे स्पष्ट. १८५० मध्ये जर्मन खनिजतज्ज्ञ ऑगस्ट ब्राइटहाउप्ट यांनी पेरूमधल्या मोरोकोचा इथल्या नमुन्यांवरून या खनिजाचं वर्णन केलं.

ते सापडतं कुठे?

ज्वालामुखींच्या परिसरात जमिनीखालून गरम, आम्लयुक्त पाणी खडकांच्या भेगांमधून वर येतं. त्यात विरघळलेले धातू गंधकासोबत भेगांमध्ये साचतात. त्यामुळे एनार्जाइट बऱ्याचदा सोन्याच्या शेजारी सापडतं. पेरू, चिली, फिलिपिन्समधलं लेपांटो, सर्बियातलं बोर आणि अमेरिकेच्या माँटाना राज्यातलं बुट ही त्याची प्रसिद्ध ठिकाणं. याच घटकांचं, पण वेगळ्या स्फटिकरचनेचं याचं एक भावंडही आहे. फिलिपिन्सच्या लुझोन बेटावरून त्याला लुझोनाइट म्हणतात.

मग अडचण कुठे येते?

भट्टीत! धातुक तापलं की आर्सेनिक वाफ होऊन उडतं आणि हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पांढरी पूड तयार होते. हाच तो आपल्याकडे पूर्वापार विष म्हणून माहीत असलेला सोमल.

धुराड्यातून तो बाहेर पडला तर काय होतं, हे अमेरिकेतल्या टॅकोमा शहराने पाहिलं. तिथल्या कारखान्यात आर्सेनिक जास्त असलेलं धातुक वितळवलं जायचं. १९८५ मध्ये तांब्याची भट्टी बंद झाली, पण तोवर आर्सेनिक आणि शिसं सुमारे १,००० चौरस मैलांच्या मातीत पसरलं होतं. अंगणं आणि शाळांची मैदानं साफ करण्याचं काम पुढे अनेक वर्षं चाललं.

आज यावर उपाय काय?

धातुक भट्टीत घालण्याआधीच वेगळं भाजून आर्सेनिक काढलं जातं. चिलीतल्या कोडेल्को कंपनीच्या मिनिस्ट्रो हालेस खाणीत अशी यंत्रणा आहे. चीनमध्ये ठरावीक मर्यादेहून जास्त आर्सेनिक असलेलं तांब्याचं कॉन्सन्ट्रेट आयात करता येत नाही. तरीही एक प्रश्न उरतोच : काढलेलं आर्सेनिक ठेवायचं कुठे? ते नष्ट होत नाही. पाण्यात सहज विरघळणार नाही अशा रूपात बदलून ते कायमचं सांभाळावं लागतं.

घरातल्या तांब्याच्या भांड्याचं काय?

घाबरू नका. शुद्धीकरणात तांब्यातलं जवळपास सगळं आर्सेनिक निघून जातं. धोका असतो तो खाणीत आणि भट्टीजवळ काम करणाऱ्यांना, आणि आसपास राहणाऱ्यांना. खनिजं जमवायचा छंद असेल, तर एनार्जाइट हाताळल्यावर हात धुवा आणि ते कधीही तापवू नका.