पांढऱ्या भिंतीची निळी सावली

ड्रॉइंग हॉलमध्ये आपण घराचा प्लॅन काढतो, एलेव्हेशन काढतो. पण त्या घरावर ऊन कधी पडतच नाही! हे मला कळलं सिन्नरला, आत्याच्या वाड्यापुढे बसून.

वाडा गावाच्या कडेला, पश्चिमेला मोकळं रान. खाली दगडी जोतं, वर चुना दिलेल्या भिंती, सागवानी खांब आणि माथ्यावर मातीचं धाबं. वाटण्या झाल्या आणि दिवाळीनंतर वाडा पाडायचं ठरलं. आत्या म्हणाली, "तू चित्रं काढतोस ना? मग याचं एक काढून दे. फोटो आहेत, पण त्यात सगळी माणसंच. घर कुठंय?"

पाच वाजता जलरंग घेऊन बसलो. दार पश्चिमेला, त्यामुळे दर्शनी भिंत नारिंगी झालेली आणि उत्तरेची भिंत सावलीत. ती मी निळसर जांभळी रंगवली. आत्या चहा घेऊन आली आणि म्हणाली, "अरे, भिंत पांढरी आहे. निळी कशाला केलीस?"

उत्तर आपल्या फिजिक्समध्ये आहे. हवेचे रेणू प्रकाश विखुरतात आणि लहान तरंगलांबीचा प्रकाश जास्त विखुरतात. 1871 मध्ये रॅलेने याचा नियम मांडला: विखुरणं तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात. म्हणजे 450 नॅनोमीटरचा निळा प्रकाश 650 च्या तांबड्यापेक्षा सव्वाचार पटींहून जास्त विखुरतो. सूर्य क्षितिजावर असताना त्याचा प्रकाश डोक्यावरच्या सूर्याच्या तुलनेत सुमारे 38 पट हवेतून येतो. निळा वाटेतच गळतो, उरतो तांबडा-नारिंगी. तोच आपल्या दर्शनी भिंतीवर पडतो. उत्तरेच्या भिंतीला मात्र सूर्य दिसतच नाही. तिला प्रकाश देतं ते वरचं निळं आकाश! शिवाय शेजारी नारिंगी असला की आपल्या डोळ्याला तो निळा अधिकच निळा वाटतो. म्हणून सावलीत नुसता काळा रंग घातला की चित्र मरतं. मी अल्ट्रामरीन ब्लूमध्ये थोडा बर्न्ट सिएना मिसळतो. आणि जिथे ऊन सगळ्यात लख्ख, तिथे रंगच लावायचा नाही. कागद कोरा सोडायचा.

अडचण एकच, वेळ! बिंब क्षितिजाला टेकलं की सव्वादोन मिनिटांत गडप. म्हणून आधी सावल्यांच्या कडा आखून टाकायच्या, खांब मागाहून. तरी माझं दार राहिलंच. मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता, तो रात्री उघडून पाहिला तर सावली करडी! कॅमेऱ्याच्या ऑटो व्हाइट बॅलन्सने आकाशाचा निळा "दुरुस्त" करून टाकला होता.

म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो. या वेळी आत्याही शेजारी बसली. बराच वेळ भिंतीकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "निळीच की रे! चाळीस वर्षं या भिंतीला चुना दिला, कधी पाहिलं नाही."

आज वाडा नाही. चित्र आत्याच्या नव्या घरात आहे. तुम्ही एक करा. आज संध्याकाळी मेसला जाण्याआधी हॉस्टेलच्या गच्चीवर जा आणि पाण्याच्या टाकीची सावली कुठल्या रंगाची आहे, ते नीट बघा.