रेषा उमटली, म्हणजे काय सिद्ध झाले?

शहापूर-मुरबाडकडे, तानसाच्या भोवतालच्या पाड्यांत तुमची शाळा असेल, तर हिवतापाची तपासणी-पट्टी मुलांनी पाहिली असेल. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन पट्टीवर टाकतात आणि काही मिनिटांत रेषा उमटते. रेषेच्या जागी आधीच प्रतिपिंडे लावलेली असतात. प्रतिपिंड म्हणजे एखाद्या प्रथिनाचा ठरावीक भाग ओळखून त्याला चिकटणारे प्रथिन. रक्तात हिवतापाच्या परजीवीचे ते प्रथिन असेल, तर रंगीत कण तेथे अडकतात आणि रेषा दिसते.

फाल्सिपेरम जातीसाठी वापरले जाणारे प्रथिन औषधाने परजीवी मेल्यावरही काही आठवडे रक्तात राहू शकते. म्हणजे रेषा फक्त 'प्रथिन आहे' असे सांगते. 'परजीवी जिवंत आहे' असे सांगत नाही.

आम्ही संशोधक प्रयोगशाळेत प्रतिपिंडे वापरतो, तेव्हाही हाच प्रश्न उभा राहतो. तानसाचे पाणी पिणाऱ्या मुंबईतलेच एक उदाहरण घेऊ. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शोभोना शर्मा आणि त्यांचे सहकारी फाल्सिपेरमच्या 'पी-शून्य' या प्रथिनाचा अभ्यास करीत होते. हे प्रथिन रायबोसोमचा घटक आहे. रायबोसोम म्हणजे पेशीतला प्रथिने बनवणारा कारखाना. त्याचे घटक पेशीच्या आत असणार, हे ओघानेच आले. पण प्रतिपिंडांनी हे प्रथिन परजीवीच्या पृष्ठभागावरही दाखवले. शिवाय 1997 साली या गटाने प्रसिद्ध केले, की पी-शून्यच्या सुरुवातीच्या भागाविरुद्धची प्रतिपिंडे परजीवीची वाढ रोखतात.

आता शंका अशी. पी-शून्य माणसातही असते. माणसाच्या पी-शून्यमध्ये 317 अमिनो आम्ले, परजीवीच्या 316. दोघांचे शेपटाकडचे टोक तर जवळजवळ सारखेच. मग प्रतिपिंडाने नेमके कोणाचे प्रथिन धरले? विद्युतप्रवाहाने प्रथिने आकारानुसार वेगळी केली, तरी ही दोन जवळपास एकाच जागी येणार.

येथे निसर्गच मदतीला येतो. माणसाच्या पक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसते आणि रायबोसोमही नसतात. त्यामुळे निरोगी तांबड्या पेशी आणि परजीवी शिरलेल्या तांबड्या पेशी शेजारी शेजारी ठेवून तपासता येतात. फक्त दुसरीकडे खूण उमटली, तर ती परजीवीची, असे म्हणायला आधार मिळतो. प्राण्याला प्रथिन टोचण्यापूर्वी घेतलेले सीरमही वापरून पाहतात. त्यानेही खूण उमटली, तर निष्कर्ष मागे घ्यावा लागतो. पृष्ठभागाविषयी बोलायचे, तर तपासलेल्या पेशी फुटलेल्या नव्हत्या, हेही दाखवावे लागते.

ही काटेकोरी कशासाठी? पृष्ठभागावरच्या प्रथिनापर्यंत शरीरातली प्रतिपिंडे पोहोचू शकतात, म्हणून लसीचा विचार करता येतो. आतल्या प्रथिनापर्यंत ती सहजी पोहोचत नाहीत. चुकीच्या खुणेवर विसंबले, तर कित्येक वर्षांचे श्रम वाया जातात.

वर्गात तपासणी-पट्टीचे चित्र काढून मुलांना विचारावे: पट्टीवर नियंत्रण-रेषा कशासाठी असते? ती रोगाविषयी काहीच सांगत नाही. पट्टी नीट चालली, एवढेच सांगते. पण ती उमटली नाही, तर दुसऱ्या रेषेवर काहीही ठरवता येत नाही. प्रयोगशाळेत आम्ही शेजारी ठेवलेल्या निरोगी पेशींकडे पाहतो, तेही अशाच खात्रीसाठी.