चाकांवरच्या न्हाणीघरातला गिझर

नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला आणि 5 जून 2025 पासून 701 किलोमीटरचा अख्खा रस्ता वाहता झाला. त्याआधीच, 2021 मध्ये, राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं होतं. त्यामुळे नवीन जालन्यातल्या एखाद्या कुटुंबाने ट्रेलर जोडून किंवा आतून घर केलेला टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन लोणारला, वेरूळला मुक्काम करावा, हा बेत आता हवेतला राहिलेला नाही. बेत ठरला की आधी पलंगांची चर्चा होते, आणि लगेच कोणीतरी ज्येष्ठ विचारतं, आंघोळीच्या पाण्याचं काय?

खरं तर जालनेकर या बाबतीत अर्धा तयारच असतो. घाणेवाडीचं असो की पैठणहून आणलेलं जायकवाडीचं, नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून घरोघरी टाकी, मोटर आणि बादलीचा हिशेब असतो. ट्रेलरमध्येही तेच. फरक दोन ठिकाणी पडतो: ऊर्जा कुठून येते आणि जळालेला वायू कुठे जातो. घर या दोन्ही बाबतींत बऱ्याच चुका पोटात घालतं, ट्रेलर घालत नाही. बहुतेक गैरसमज इथूनच निघतात.

‘बॅटरी आहे, इन्व्हर्टर आहे, मग गिझर चालेलच’

पंधरा लिटर पाणी 20 अंशांवरून 45 अंशांवर न्यायला साधारण 0.44 युनिट वीज लागते. बारा व्होल्टची 100 अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर 1.2 युनिट साठवते. शिशाची असेल तर तिची तब्येत सांभाळून त्यातलं निम्मंच वापरायचं असतं. म्हणजे एका आंघोळीत बॅटरीचा मोठा वाटा गेला. पण खरी अडचण त्याच्याही आधी येते. 2000 वॅटचा गिझर बारा व्होल्टवर चालवायचा तर बॅटरीतून 170 ते 180 अँपिअर करंट ओढावा लागतो. घरातल्या साध्या इन्व्हर्टरच्या बॅटरीला तो झेपत नाही. व्होल्टेज कोसळतं आणि इन्व्हर्टर शिट्टी मारून बंद पडतो. लिथियमची मोठी बॅटरी, जाडजूड केबल आणि छतावर सोलर पॅनेल असेल तर जमतं, पण तो खर्च अंगठ्याएवढ्या शॉवरसाठी करायचा का, हे ज्याचं त्याने ठरवावं. एप्रिल-मेमध्ये तर प्रश्नच मिटतो. तेव्हा गच्चीवरच्या टाकीचं पाणी इतकं तापलेलं असतं की बादली रात्रीच भरून निवत ठेवावी लागते.

शेतातल्या किंवा ढाब्यावरच्या लाइटवर गिझर लावणाऱ्यांचा गैरसमज निराळा. ‘व्होल्टेज कमी आहे, गिझर जास्त करंट ओढेल आणि जळेल.’ ही समजूत आली ती विहिरीवरच्या मोटरीमुळे, आणि मोटरीपुरती ती खरीच आहे. गिझरची कॉइल मात्र उलटी वागते. व्होल्टेज घटलं की तिचा करंटही घटतो आणि ताकद तर वर्गाच्या प्रमाणात उतरते. 230 व्होल्टला 2000 वॅट देणारी कॉइल 180 व्होल्टला जेमतेम 1225 वॅट देते. गिझर बिघडलेला नसतो, पाणी तापायला दीडपटीहून जास्त वेळ लागतो इतकंच. जळतो तो प्लग. 2000 वॅटला पावणेनऊ अँपिअर लागतात, त्यामुळे 16 अँपिअरचंच सॉकेट हवं. सहा अँपिअरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर हा भार टाकला की आधी प्लास्टिक वितळल्याचा वास येतो.

त्याच बोर्डापाशी आणखी एक वाक्य ऐकू येतं: ‘टायर रबराचे आहेत, शॉक कसला लागतो?’ इथे रबरामुळेच घात होतो. ट्रेलरचा पत्रा जमिनीपासून तुटलेला असतो. गिझरमधून वीज पत्र्यात उतरली आणि अर्थिंग नसलं, तर ती निमूट तिथे बसून राहते. ओल्या पायाने जमिनीवर उभं राहून कोणी दाराची कडी धरली की तिला वाट सापडते. त्यामुळे तीन पिनांची वायर, खरोखर जोडलेलं अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी, एवढं असल्याशिवाय ट्रेलरमध्ये विजेचा गिझर लावू नये.

‘वास नाही, धूर नाही, मग धोका कसला?’

या गैरसमजाने माणसं मरतात. शहरातल्या गॅस गिझरच्या बंद बाथरूममध्ये मरतात आणि थंडीत शेगडी घेऊन झोपलेल्या खोल्यांतही मरतात.

सिलिंडरच्या गॅसला जो उग्र वास असतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. जळताना तो संपतो. अपुऱ्या हवेत गॅस जळला की तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, आणि दार उघडावं असं वाटेपर्यंत पायातलं बळ गेलेलं असतं.

आता हिशेब पाहू. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा भिंतीवरचा गॅस गिझर पाणी 25 अंशांनी तापवतो तेव्हा तासाला जवळपास एक किलो गॅस जाळत असतो. एक किलो गॅस नीट जळायला साधारण 12 घनमीटर हवा लागते. दहा मिनिटांच्या आंघोळीत दोन घनमीटर हवा संपली. चार फूट बाय पाच फूट आणि आठ फूट उंच बाथरूममध्ये एकूण हवा साडेचार घनमीटरच असते! ट्रेलरमधली न्हाणी याहूनही लहान. म्हणून घरासाठी आणलेला गॅस गिझर ट्रेलरच्या आत बसवणं, मग खिडकी उघडी ठेवू असं कितीही म्हटलं तरी, मला अजिबात मान्य नाही.

एग्झॉस्ट फॅनवर फार भिस्त असते. पण सगळीकडून बंद खोलीत फॅन लावला की आत येणारी हवा कुठून तरी ओढली जाणारच. गिझरची धुराची नळी जवळ असेल तर बाहेर चाललेला वायू तो फॅनच उलटा आत खेचतो. ट्रेलरच्या छतावरचा पंखा लावून खिडक्या लावून घेतल्या तर नेमकं हेच घडतं.

मग ट्रेलरसाठी बनवलेले गॅसचे हीटर कसे चालतात? त्यांचा बर्नर आतल्या खोलीपासून सीलबंद कप्प्यात असतो. हवा बाहेरून घेतो, जळालेला वायू बाजूच्या जाळीतून बाहेरच सोडतो. आपल्याकडचा तांब्याचा बंब दिसायला तसाच, पण सीलबंद नाही: मधोमध नळी, तळाशी निखारे, भोवती पाणी. आजीचा बंब परसात पेटायचा म्हणून निभावलं. तोच पेटता बंब न्हाणीत आणला तर निखाऱ्यांतून तोच कार्बन मोनॉक्साइड निघतो, धूर दिसो वा न दिसो. ट्रेलरच्या त्या जाळीवर टॉवेल वाळत घालू नये, तिला लागून ताडपत्री बांधू नये. गाडी बरेच दिवस उभी असेल तर बर्नरच्या नळीत कुंभारमाशीने मातीचं घर केलंय का तेही पाहावं. नळी अर्धी बुजली की ज्योत निळी न राहता पिवळी होते, काजळी धरते, आणि तो हीटर बंद करण्याचा इशारा असतो.

गळतीसाठी लावलेला अलार्म कार्बन मोनॉक्साइडलाही चालेल, हीसुद्धा चुकीची समजूत. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड, तो फरशीवर साचतो. त्याचा अलार्म खाली हवा. कार्बन मोनॉक्साइड हवेत मिसळून सगळीकडे पसरतो. त्याचा वेगळा अलार्म झोपण्याच्या उंचीवर हवा. गाडी चालू असताना सिलिंडरचा कॉक बंद. कोणाला गरगरलं तर आधी सगळ्यांनी बाहेर मोकळ्या हवेत यायचं, मगच 108 ला फोन.

टाकी, व्हॉल्व्ह आणि थर

‘बटण दाबलं की पाणी तापतं’ यात एक अट राहून जाते: टाकीत पाणी हवं. नळ सोडून गरम बाजूने सलग धार येईपर्यंत विजेचा गिझर लावायचा नाही. कोरडी कॉइल बघता बघता जाते. नळाला पाणी नसताना गिझर चालू राहिल्याचा अनुभव जालन्यात नवा नसावा.

तापताना व्हॉल्व्हमधून थेंब पडले की ‘लीक आहे’ म्हणून तिथे बूच मारणारे कारागीर आहेत. 20 पासून 60 अंशांपर्यंत पाणी दीड टक्का फुगतं. पंधरा लिटरच्या टाकीत ते पाव लिटरच्या आसपास होतं. तेवढ्याला जागा मिळावी म्हणूनच तो व्हॉल्व्ह असतो. बूच मारल्यावर दाब टाकीवर येतो, आणि गिझर फुटल्याच्या बातम्यांत अशी बुचंही असतात. गिझर थंड असतानाही धार थांबत नसेल तरच व्हॉल्व्ह बदलावा.

अमेरिकेतले व्हिडिओ पाहून हिवाळ्यात पाइपमध्ये गोठणरोधक घालायची तयारी कोणी करत असेल तर ती स्पितीला जाताना कामाची. जालन्याच्या थंडीत पाइप गोठत नाहीत. पण त्या व्हिडिओंतला टाकी रिकामी करायचा सल्ला इथेही लागू आहे, कारण आपलं बोअरचं पाणी जड. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत सवलत. असं जड पाणी तापलं की कॉइलवर पांढरा थर बसतो. यावर ‘थर्मोस्टॅट कमी ठेवा’ हा सल्ला अर्धाच बरोबर. थर कमी बसतो, पण 25 ते 45 अंशांच्या साचलेल्या पाण्यात लेजिओनेला हा जिवाणू वाढतो आणि 60 च्या वर तो तगत नाही. मी 60 वरच ठेवतो आणि सहल संपली की टाकी उपसून ठेवतो.

टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेला मॅग्नेशियमचा रॉड मात्र प्रत्येक टाकीत नसतो. ट्रेलरचे हीटर बनवणाऱ्या सबर्बन कंपनीच्या पोलादी टाकीत तो लागतो आणि झिजल्यावर बदलावा लागतो. अ‍ॅटवुडच्या अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीत मुळात लागतच नाही. गरम नळालाच सडक्या अंड्यासारखा वास येत असेल आणि थंड नळाला येत नसेल, तर बहुतेक वेळा तो गॅसचा नसून या रॉडपाशी वाढलेल्या जिवाणूंचा असतो. तरीही आधी सिलिंडरच्या जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का पाहावं, आणि मग टाकी धुवायला घ्यावी.