कालव्यावरील विद्यार्थी

आमच्याकडे शाळेत संस्कृत शिकलेले एक गृहस्थ परभणी जिल्ह्यात कालव्यावर अभियंता आहेत. पैठणहून निघालेला जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब. त्याच्या शेपटाकडील शेतांस पाणी पोचविणे हे त्यांचे काम. उपग्रहाच्या चित्रांवरून पिकाची तहान कशी ओळखावी, हे शिकण्यासाठी बेचाळिसाव्या वर्षी त्यांनी पुनश्च अध्ययन आरंभिले आहे, तेही घरबसल्या, संगणकावर.

आय.आय.टी. व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ साली सुरू केलेल्या ‘एनपीटेल’ची ही व्याख्याने विनामूल्य ऐकता येतात. यंत्रातून विद्या येते यावर आमचा विश्वास नव्हता. सबब खोदून चौकशी केली. पाठ्यक्रम बारा आठवड्यांचा. दर आठवड्यास गृहपाठ. गृहपाठास २५ गुण, आणि केंद्रावर जातीने जाऊन द्यावयाच्या परीक्षेस ७५. गृहपाठ कोणी कोणाकडून करवून घेतला हे ईश्वरच जाणे. तेव्हा ही वाटणी आम्हांस पटली.

पाण्याची पाळी सुटली म्हणजे हे गृहस्थ दिवसरात्र कालव्यावर. परवाच्या पाळीत लागोपाठ तीन गृहपाठ बुडाले. “गुरुजी, आता सोडून देतो,” असे म्हणत ते घरी आले. आम्हीच त्यांस नियम वाचून दाखविला : बारांपैकी उत्तम असे आठच गृहपाठ हिशेबात धरतात. चार आठवडे संसारास माफ! पस्तीस वर्षांच्या अध्यापनात एवढी सवड आम्ही कोणास दिली नाही.

ते पुन्हा पहाटे उठू लागले आहेत. सवलतीचा आता एकच आठवडा शिल्लक आहे, आणि उन्हाळी पाळी तोंडावर आली आहे.